५२ ची डॉज: पुढे डिस्क टाकावी का? चोर्ल्यात पेडल फळीला टेकलं

निपाणीकर_डॉज:
नमस्कार मंडळी. घरात १९५२ ची डॉज किंग्सवे आहे, प्रीमियरनं कुर्ल्यात जोडलेली. आजोबांचा तंबाखूचा व्यापार होता तेव्हाची. बरीच वर्षं वखारीत पोत्याखाली पडून होती, गेल्या साली इंजिन चालू केलं, सहा सिलिंडरचं साइड वॉल्व, अजून शिलाई मशीनसारखं चालतंय. खरं ब्रेकचं काय खरं नाही.

मागच्या रविवारी हौसेनं जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरलो, गाडीत चौघं. वरची तीन-चार वळणं बरी गेली, मग ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायला लागली आणि केरीच्या अलीकडं पेडल जवळजवळ पायाखालच्या फळीला टेकलं. सेकंडला टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी कडेला घेतली. पुढच्या चाकांतनं जळका वास. अर्ध्या तासानं पेडल आपोआप वर आलं, जसं काय झालंच नाही! बायको अजून नीट बोलत नाही ते वेगळं.

गॅरेजवाला म्हणतोय पुढचे ड्रम ब्रेक सगळे काढून डिस्क ब्रेक टाकू, जीपचं हब बसतंय. अमेरिकेतनं किट पण येतं म्हणे. काय करू सांगा की.

उद्यमबाग_लेथ:
आधी त्या गॅरेजवाल्याच्या हातात टेप द्या. विलिस जीपच्या पाच बोल्टचं वर्तुळ साडेपाच इंचाचं, तुमच्या डॉजचं साडेचार. बसतंय म्हणजे कसं बसतंय, भोकं वाढवून? वेल्डिंग मारून? स्टब एक्सलवर (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो) असला उद्योग कुणाला करू देऊ नका, चाक निखळलं तर ब्रेक असून काय उपयोग.

आता तुमच्या गाडीचं. त्या काळच्या डॉज-प्लिमथला पुढच्या प्रत्येक चाकात दोन व्हील सिलिंडर असतात, वरचा एका शूला (ड्रमला आतनं घासणारी कमान) ढकलतो, खालचा दुसऱ्याला. गाडी पुढं जाताना दोन्ही शू ड्रमच्या फिरण्यानंच आत चावतात, त्यामुळे बुस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नसताना पण तो ब्रेक चांगला लागतो. (रिव्हर्सला मात्र बोंब, चढावर मागं घसरताना अनुभव आला असेल.) चारातला एक जरी गंजून जाम झाला की त्या बाजूचं एकच शू काम करतं आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. डावीकडं ओढतेय म्हणजे उजवं चाक आधी उघडा.

पेडल खाली जाऊन परत वर आलं याची दोन कारणं असतात. ड्रम तापून फुगतो, शूला जास्त लांब जावं लागतं. आणि जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असतं. डॉट ३ नवीन असताना २०५ डिग्रीला उकळतं, पाणी धरलं की १४० ला. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पेडल फळीला. थंड झालं की वाफेचं परत ऑइल. ऑइल शेवटचं कधी बदललं? की आजोबांनी भरलेलंच आहे?

होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) पण बघा. बाहेरनं चांगला दिसतो, आतनं सुजून बंद झालेला असतो. ब्रेक सोडल्यावर चाक जाम राहिलं आणि हवा काढायचं निपल उघडल्याबरोबर सुटलं तर होजवर संशय घ्या.

खानापूर_जीप:
लेथवाल्यांचं पटतंय, खरं ड्रमचं गुणगान जरा जास्त झालं. आमच्याकडं पावसाळ्यात ओढ्यातनं गाडी काढली की ड्रमचा ब्रेक पुढची दोन-तीन दाबं लागतच नाही. माझ्या जीपला पुढे डिस्क केलीय, घाट उतरताना जीव घशात येत नाही.

मात्र नुसतं कॅलिपर (डिस्कला पॅडनं चिमटणारा भाग) लटकवून होत नाही हे ध्यानात घ्या. तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) पायाखाली फळीच्या खाली असतो, कॅलिपर त्याच्या वर येतं, ऑइल परत खाली उतरतं. म्हणून लाइनमध्ये २ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) रेसिड्युअल वॉल्व लागतो, तो थोडा दाब टिकवून धरतो. आणि ड्रमच्या मास्टरमध्ये साधारण १० पीएसआयचा असतो तो पुढच्या लाइनसाठी काढावा लागतो, नाहीतर पॅड कायम घासत राहणार. मागं ड्रम, पुढं डिस्क म्हटल्यावर मागचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग वॉल्व पण, नाहीतर जोरात दाबलं की मागची चाकं आधी लॉक. आणि डिस्क स्वतः चावत नाही, त्यामुळे बुस्टरशिवाय पायाला जोर लागणार, वहिनींनी चालवायची असेल तर विचार करा.

टिळकवाडीचे_काका:
तरुण मंडळींनी छान लिहिलंय. माझं म्हणणं, डिस्कच्या आधी डबल सर्किटचा मास्टर टाका. तुमच्या गाडीत ऑइलचा एकच पॉट, एकच लाइन, एक होज फुटला की चारही चाकं गेली. अमेरिकेत कार गाड्यांना १९६८ पासून पुढचं-मागचं वेगळं करणं सक्तीचं झालं ते उगीच नाही. हँडब्रेकनं तुम्हाला वाचवलं कारण तो गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर आहे, ऑइलशी त्याचा संबंधच नाही. पण धावत्या गाडीत तो ओढायची सवय लावू नका, सगळा झटका शाफ्टवर आणि मागच्या एक्सलवर येतो.

दोन सूचना. डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे आहेत, उजवीकडं फिरवलं की सुटतात. पाइप घालून जोर लावला आणि बोल्ट तुटला असे प्रकार डोळ्यांनी पाहिलेत. आणि शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर फुंकर किंवा हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

निपाणीकर_डॉज:
काका, उशीर झाला की ओ! डाव्या चाकाचा एक बोल्ट काल तोडून बसलोय. पोरगा म्हणत होता बोल्टावर एल कोरलंय, मी म्हटलं कंपनीचा मार्क असेल.

उजवं चाक उघडलं. खालचा व्हील सिलिंडर पूर्ण जाम, पिस्टन हातोडीनं पण हलेना, त्या शूचं लायनर तर नवंकोरं. बाटलीत काढलेलं ऑइल कोकमाच्या आगळासारखं. ड्रम १० इंची आहे, आत मापलं तर २५४.९ मिमी आलं.

उद्यमबाग_लेथ:
मूळ २५४. साधारण दीड मिमीपर्यंत वाढ चालते, म्हणजे २५५.५ च्या आत ठेवायचं. फक्त गोलाई साफ होईल एवढाच हलका काप मारू. येताना शू पण आणा, लायनर ड्रमच्या गोलाईत घासून बसवायला पाहिजे, नुसतं मधोमध टेकत असेल तर नवीन लायनरनं पण परत तापणार. सिलिंडर टाकू नका, बोअर करून आत पितळेचा स्लीव्ह घालता येतो. चारही आणा.

निपाणीकर_डॉज:
शनिवारी येतो. डबल मास्टरचं पण बघूया त्याच वेळी. डिस्कचं एवढं झाल्यावर, परत एकदा चोर्ला उतरून ठरवतो. एकटाच.

खानापूर_जीप:
कणकुंबीला फोन करा, मी जीप घेऊन मागं राहतो. दोरी आहे माझ्याकडं.