सल्ला हवा: पडद्यावरचा गांजा, अकरावी-बारावीची मुलं आणि दोन तास (बजेट २००० रुपये)

दुपारची_शाळा
नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिकला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात शेवटच्या बाकावर कंपासच्या टोकाने कोरलेलं गांजाचं सात पात्यांचं पान दिसलं. मी रागावले नाही, हे काय म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, त्यात वाईट काही नसतं, सिनेमात बघा, ओढणारे सगळे हसतच असतात." त्याच्या पुढच्या बाकावरची मुलगी लगेच वळली आणि म्हणाली, "खोटं, माणूस वेडा होतो, सिनेमात दाखवतात." दोघांचाही पुरावा एकच, सिनेमा. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

शनिवारी दुपारी दोन तास मिळाले आहेत. साठेक मुलं, काही पालक, आम्ही शिक्षक. प्रोजेक्टर शाळेचा, जुना, उजेड कमी. पालक-शिक्षक संघाने २००० रुपये दिलेत, चहा-बिस्किटं त्यातच. काय दाखवू? अटी दोन: 'ए' प्रमाणपत्र नको, आणि चर्चेला निदान तासभर उरला पाहिजे. भाषण द्यायचं नाही.

जुना_मांडवी
बाई, यात विचारायचं काय? 'हरे रामा हरे कृष्णा', १९७१. देव आनंद भाऊ, झीनत अमान बहीण. आम्ही पणजीत कॉलेजला असताना पाहिला, परत आलो ते सगळे दम मारो दम गुणगुणतच. पण मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा. त्या गाण्याला लागून लगेच दुसरं गाणं आहे, किशोरकुमारच्या आवाजात. रामाचं नाव बदनाम करू नका असं भाऊ त्या धूर काढणाऱ्यांना सांगतो. दिग्दर्शकाने प्रश्न आणि उत्तर एकाच जागी ठेवलं होतं. बहिणीचा शेवटही वाईटच दाखवलाय. पण लोकांनी घरी काय नेलं? आशाबाईंचं गाणं, फिल्मफेअरसकट. उत्तर तिथेच थिएटरात राहिलं. पूर्ण सिनेमा दाखवा, अर्धवट दाखवून उपयोग नाही.

तंत्रस्नेही_पर्वरी
पहिल्यांदा प्रोजेक्टर बदला. मी मागच्या दिवाळीला ३४ हजारांचा घेतला, आज घरात भिंतभर चित्र दिसतं, आमचे शेजारी क्रिकेट बघायला येतात. जुन्या प्रोजेक्टरवर काळोखातले प्रसंग म्हणजे नुसता राखाडी चौकोन.

दुपारची_शाळा
दादा, बजेट २००० आहे.

तंत्रस्नेही_पर्वरी
ते वाचलं मी. हप्त्यावरही मिळतो. बरं, ते नसेल जमत तर वरच्या झरोक्यांना काळा कार्डपेपर लावा आणि स्पीकर मात्र चांगला मागून आणा. चित्र फिकट असलं तर मुलं सोसतात. आवाज नाही आला की पाच मिनिटांत गोंधळ सुरू होतो.

चित्रपंढरी
'रीफर मॅडनेस' दाखवा, अमेरिकेचा, १९३६ चा. तास-सव्वा तासाचा आहे, स्वामित्वहक्काची कटकट नाही, फुकट मिळतो. मूळ नाव 'टेल युअर चिल्ड्रन', म्हणजे पालकांना सावध करणारा. त्यात चार झुरके मारले की मुलं गाडीखाली माणूस चिरडतात, खून होतो, एक जण कायमचा वेडा ठरतो. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिथे गांजावर कराचा कायदा आला, त्या काळची हवा अशी होती. आणि पुढे काय झालं ते फार बोलकं आहे. १९७२ मध्ये गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्या संघटनेनेच ही फिल्म मिळवली आणि कॉलेजांत दाखवत फिरली, कारण पोरं ती बघून पोट धरून हसत होती. भीती घालायला केलेला सिनेमा विरोधकांच्या कामी आला. मी चित्रपट-मंडळात वर्षानुवर्षं काम केलंय, चर्चेला याच्यासारखं खाद्य दुसरं नाही.

कळंगुटचा_पावस
चित्रपंढरी सर, माफ करा, पण हे मी करून पाहिलंय. एका कॉलेजात व्यसनविरोधी दिनाला मीच असली एक जुनी भीतीची फिल्म लावली होती. पहिल्या दहा मिनिटांत हॉल हसायला लागला, आणि हसणं थांबेना. नंतर जे डॉक्टर बोलायला उभे राहिले, त्यांच्या प्रत्येक वाक्यालाही मुलं हसली. त्यांनी मला बाहेर येऊन एवढंच विचारलं, "मला कशाला बोलावलंत?" आजही आठवलं की वाईट वाटतं. खोट्या भीतीबरोबर खरी माहितीही बुडते. नका करू.

हणजूणचो_भुरगो
विषय निघालाच आहे तर बोलतो. आमचं घर हणजुणात. तीन खोल्या पाहुण्यांना देतो. दिल्लीकडचे चार मुलगे आले, बॅगा अजून हातातच होत्या, माझी आई पाणी घेऊन पुढे आली, आणि तिलाच विचारतात, "आंटी, माल कुठे मिळतो?" माझी आई सत्तरीची. तिला माल म्हणजे काय तेसुद्धा कळलं नाही. तिने मासळीबाजाराचा रस्ता सांगितला. हे त्यांच्या डोक्यात कोणी घातलं? २०११ मध्ये दम मारो दम याच नावाचा सिनेमा आला, सगळा गोव्यात, सगळा ड्रग्सवर. प्रदर्शनाआधीच एका संवादावरून इथे निषेध झाला होता. २०१३ मध्ये झोंबींचा सिनेमा आला, तोही गोव्यातल्याच रेव्ह पार्टीतून सुरू होतो. आमच्याकडे पोदेर सकाळी पाव घेऊन येतो, भजनी सप्ताह होतो, शिगमो होतो, ते कोण दाखवणार? मुलांना हे विचारा. गोवा म्हटलं की पडद्यावर पहिलं काय येतं, आणि त्यांच्या वाड्यावर सकाळी उठल्यावर पहिलं काय दिसतं.

जुना_मांडवी
बाब, तुझं खरं आहे. पण हिप्पी आले होते ना, साठ-सत्तरच्या दशकात, कळंगुट-हणजुणातच. सिनेमावाल्यांनी हवेतून नाही आणलं.

हणजूणचो_भुरगो
आले होते, काका. आजी त्यांना नारळ विकायची. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांवरून अख्ख्या गोंयाची ओळख ठरवायची का?

सत्तरीकर
'हरे रामा हरे कृष्णा' दाखवा. उत्तम सिनेमा. त्यातली पोरं कायदा मोडतात हे दाखवलंय, ते मुलांना कळलं पाहिजे.

चित्रपंढरी
सत्तरीकर, हे वर सांगून झालंय. आणि कायद्याचं चूक आहे. सिनेमा काठमांडूत घडतो. तिथे तेव्हा गांजा-चरसाची परवान्याची दुकानं होती. ती १९७३ मध्ये बंद झाली, सिनेमानंतर दोन वर्षांनी. त्या पोरांच्या वेळी तिथे मोडायला कायदाच नव्हता.

सत्तरीकर
कायदा नसला म्हणून चांगलं होत नाही.

काळा_कोट_म्हापसा
वीस वर्षं फौजदारी कोर्टात उभा राहतोय, म्हणून कायद्याचं नीट सांगतो.

आपल्याकडचा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात चरस म्हणजे झाडाची राळ, गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे पानांची भांग त्या कायद्यात बसत नाही, तिचे नियम राज्याराज्यांचे. आता आपला हिंदी सिनेमा आठवा. भांग म्हणजे होळी, शिवरात्र, नायक-नायिकेचं गाणं. चरस म्हणजे तस्कर, बंदर, बंदुका. गांजा म्हणजे साधूची चिलीम, नाहीतर हॉस्टेलची गच्ची. झाड एकच, पण पडद्यावर त्याच्या तीन जाती झाल्या. 'आप की कसम' (१९७४) मधलं शिवशंकराचं गाणं, 'डॉन' (१९७८) मधलं पानाचं गाणं, 'सिलसिला' (१९८१) मधली होळी, तिन्हींत भांगेचा रंग आहे आणि तिन्ही आपण घरच्यांबरोबर बसून पाहिली. त्यावर कधी कोणाचे आईवडील टीव्ही बंद करायला उठले नाहीत.

पडद्यावर काय येत नाही तेही सांगतो. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे कायद्याने 'अल्प प्रमाण', पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिनेमात पोरगा गच्चीवर हसतो आणि पुढचा प्रसंग येतो. माझ्याकडे पुढच्या प्रसंगात त्याचे वडील येतात, कामावरून सुटी काढून. मुलाच्या दहावीचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं असतं. मी ते कधी मागत नाही, तरी टेबलावर ठेवतात. पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, मुलगा हुशार आहे."

आणि हो, मॅडम, शाळेत फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे शिकवण्याचा भाग म्हणून सिनेमा दाखवायला स्वामित्वहक्क कायद्यात सूट आहे. मात्र गावाला निमंत्रण देऊ नका, तिकीट तर नकोच.

तंत्रस्नेही_पर्वरी
जुन्या सिनेमात सिगारेट आली की कोपऱ्यात इशारा येतो, तसा भांगेला का येत नाही?

काळा_कोट_म्हापसा
तो नियम तंबाखूचा आहे. भांगेचा त्यात उल्लेख नाही.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे, अनेक वर्षं मनोरुग्ण विभागात. वरचं सगळं वाचलं. पडद्यावरची एक चूक मला दर वेळी खटकते, आणि तीच मुलांना धोक्यात घालते. सिनेमात भांगेचा पेला ओठाला लावला की माणूस लगेच झिंगतो. खरं तसं होत नाही. धूर काही मिनिटांत चढतो, पण पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि चढली की कितीतरी तास उतरत नाही. होळीच्या दिवशी आमच्याकडे पोरं येतात ती याच हिशेबाने. एक पेला घेतला, काही झालं नाही, सिनेमातल्यासारखं लगेच व्हायला हवं होतं, म्हणून दुसरा, मग तिसरा. आणि मग तिन्ही एकदम. मागे एक मुलगा आला होता, कॉलेजचा, पांढरा सदरा गुलालाने भरलेला. स्वतःची नाडी दोन बोटांनी धरून बसला होता आणि दर मिनिटाला मला विचारत होता, "सिस्टर, थांबली का?" नाडी जोरात चालली होती. त्याला ते पटत नव्हतं. पहाटेपर्यंत त्याने बोटं सोडली नाहीत.

खून करत नाहीत हो ही मुलं, सिनेमातल्यासारखी भुतंही सहसा दिसत नाहीत. तोंड कोरडं, डोळे लाल, भूक, वेळ लांबल्यासारखा वाटणं, छातीत धडधड, कधी जिवाची भीती. हसतातही, ते खोटं नाही. पण ओढणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला सवय सुटेनाशी होते, आणि लवकर सुरू करून रोज ओढणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलांत भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, घरात तसा आजार असेल तर जास्तच. ताई, तुमच्या दोन्ही मुलांचं थोडं थोडं बरोबर आहे. सिनेमाने दोघांना अर्धं अर्धं वाटून दिलंय.

जुना_मांडवी
सिस्टर, छान लिहिलंत. तरी मी म्हणतो १९७१ चाच दाखवा.

कळंगुटचा_पावस
माझं मत, सिनेमा नकोच, सिस्टरनाच बोलवा.

रात्रपाळी
शनिवारी पाळी आहे, नाहीतर आले असते.

दुपारची_शाळा
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. दोन दिवस विचार केला आणि शेवटी यातलं कोणाचंच पूर्ण ऐकलं नाही, रागावू नका.

मोठा सिनेमा कुठलाच नाही. १९७१ च्या सिनेमाला अडीच तास लागतील, १९३६ च्या सिनेमाचं हसू मला आवरणार नाही. काळा कोट सरांनी सांगितलेली भांगेची तीन गाणी तेवढी दाखवणार, कारण ती मुलांनी घरी आजीबरोबर पाहिलेली आहेत आणि त्यात वाईट काही असेल असं कुणालाच वाटत नाही. गाण्यांबरोबर आधीचे प्रसंगही थोडे लावेन. मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक घड्याळ देणार. पेला ओठाला लागला की चालू, पाय डगमगले की बंद. ज्या गाण्यात पेला दिसतच नाही, तिथे तसं लिहायचं. आकडे फळ्यावर येतील. त्यांच्याखाली मी सिस्टरचा "अर्धा ते दोन तास" लिहीन आणि बाजूला सरकेन.

दुसऱ्या तासात मुलं एक प्रसंग लिहितील. गच्चीवरचा मुलगा हसतोय, तिथून पुढचा. ज्याने बाकावर पान कोरलं त्याला मी वडिलांचं पात्र देणार आहे, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला त्या मुलाचं. हणजूणच्या भावांचा प्रश्न सगळ्यांना घरून लिहून आणायला आजच सांगितला. एकाने लगेच वहीत लिहिलं, "पहिलं दिसतं ते आमचं वासरू." त्याने विचारलं, एवढंच चालेल का. चालेल म्हटलं.

स्पीकर शेजारच्या भजनी मंडळाकडून मिळाला. काळा कार्डपेपर १६० रुपये. चहा-बिस्किटं सोडून जे उरतील त्यात झरोक्याची एक फुटकी काच बसवून घेते, जूनमध्ये तिथून पाऊस आत येतो.