हळदीच्या प्रॅक्टिकलमधून क्लोरोफॉर्म हद्दपार करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, मी सांगलीत बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेते. मार्केट यार्डातली राजापुरी हळद आणून मुलं कर्क्युमिन (हळदीचं पिवळं रंगद्रव्य) काढतात. आधी त्यासाठी डायक्लोरोमिथेन हे द्रावक वापरायचो. ते 40 अंशांलाच उकळतं, मे महिन्यात बाटलीचं बूच काढलं की डोकं धरायचं. आता इथेनॉलवर आलोय, अर्क झकास उतरतो. (परवान्याची कटकट वेगळीच!)

अडलंय टीएलसीपाशी (पातळ थराच्या पट्टीवर द्रावक चढवून अर्कातले घटक वेगळे करायची पद्धत). क्लोरोफॉर्म-मिथेनॉल 95:5 मध्ये कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंडांचे तिन्ही पिवळे ठिपके सुटे दिसतात. हेक्झेन-इथिल अ‍ॅसिटेट लावलं तर आमचे खालचे दोन चिकटतात, शिवाय हेक्झेन मज्जातंतूंना वाईटच. त्याऐवजी हेप्टेन कुणी वापरलंय का? प्रमाण किती ठेवलंत? आणि कपाटातला दीड लिटर जुना क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतणार नाही हे नक्की, पण मग द्यायचा कुणाकडे?