मानेतली सेंट्रल लाइन: प्रोब आडवा, उभा, की नुसती बोटं?

भूलवाला_पांढरकवडा
सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली औषधांची नळी; आयजे ही त्यासाठीची मानेतली मोठी शीर, आणि प्रोब म्हणजे सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा भाग. परवा हिंगणघाटच्या सरांनी लिहिलं होतं: "पंचवीस वर्षं बोटांनी आयजे टाकतोय. प्रोब आडवा धरायचा की उभा, हे एसीत बसणाऱ्यांचे वाद. ज्याच्या हाताला शिस्त नाही त्याला पडदा लागतो." दोन दिवस गप्प बसलो. पण हे वाचून एखादा नवा एमओ (मेडिकल ऑफिसर) प्रोब बाजूला ठेवील, ही भीती जात नाही म्हणून लिहितो.

सर, तुमच्या हाताबद्दल वाद नाहीच. वाद पेशंटच्या मानेबद्दल आहे. पुस्तकातल्या चित्रात आयजे कॅरोटिडच्या, म्हणजे मानेतल्या मोठ्या धमनीच्या, बाहेरच्या अंगाला असते. प्रत्यक्षात डोकं जितकं जास्त वळवाल तितकी ती कॅरोटिडच्या वर सरकते. आता आपल्याकडचा पेशंट घ्या. कीटकनाशक पोटात गेलेलं, रात्रभर उलट्या-जुलाब, अंगात पाणी राहिलेलं नाही. शीर चपटी, प्रत्येक श्वासाला मिटणारी. बोटाला कॅरोटिड लागते सर, ती मिटलेली शीर बोटाला लागत नाही.

ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं २००२ मध्येच आयजेसाठी सोनोग्राफी वापरा म्हणून सांगितलं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब) लँडमार्कच्या, म्हणजे बोटांनी जागा ठरवून टाकण्याच्या, तुलनेत एकूण गुंतागुंत ७१ टक्क्यांनी कमी आली, धमनीला सुई लागणं ७२ टक्क्यांनी.

मी आडव्या प्रोबवाला, म्हणजे शॉर्ट अॅक्सिसवाला: प्रोब शिरेला आडवा. शीर आणि धमनी पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात. हलकं दाबलं की शीर मिटते, धमनी उडत राहते. शीर दीड सेंटिमीटर खोल असेल तर प्रोबच्या दीड सेंटिमीटर मागे, ४५ अंशांत टोचायचं. साधारण २.१ सेंटिमीटर सुई आत गेली की शिरेत. शाळेतली भूमिती आहे, पण रात्री तीन वाजता तीच कामी येते.

फिजिशियन_हिंगणघाट
माझंच वाक्य पुढं ठेवलंत, तर उत्तरही माझंच ऐका. कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात पुराव्याचा दर्जा बऱ्याच ठिकाणी कमी म्हटलाय. अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत हेही त्यात आहे. ते वाक्य तुम्ही वगळलंत.

दुसरं. सेल्डिंगरनं १९५३ मध्ये सुई-तार-नळीची पद्धत (सुईतून तार, तारेवरून नळी) दिली, तेव्हा कुठला पडदा होता? मी ज्या काळात शिकलो तेव्हा स्टर्नोमॅस्टॉइड या मानेच्या स्नायूच्या दोन डोक्यांमधला त्रिकोण, डाव्या हाताची बोटं कॅरोटिडवर आणि सुई उजव्या निपलच्या दिशेनं, एवढंच होतं. माणसं वाचली. आता पोरांना वीज गेली की शीर सापडत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको.

आणि मशीन आहे कुठं? तालुक्याच्या बहुतेक दवाखान्यांत एकच मशीन. तेही रेडिओलॉजिस्टच्या खोलीत, कुलपात. किल्ली त्याच्या खिशात, आणि तो आठवड्यातून दोनदा येणार.

उभा_प्रोब
मी मूळचा उमरखेडचा, सध्या नागपुरात आयसीयूत. भूलवाले सर, तुमचं अर्धं पटतं. सोनोग्राफी हवीच. पण आडवा प्रोब धरून "सुई दिसते" म्हणता तेव्हा पडद्यावर नक्की काय दिसतं? एक पांढरा ठिपका. तो टोकाचा की दांड्याचा, कसं सांगणार? दांडाही तसाच दिसतो.

माझ्याच हातून झालंय. ठिपका शिरेच्या मधोमध होता, मी खूश. टोक मागची भिंत फोडून पुढं गेलेलं. खाली कॅरोटिड होती. सुई मागे घेतली, वीस मिनिटं दाबून धरलं, तरी गाठ आलीच. पेशंट वाचला, पण ती गाठ वाढते की थांबते हे बघत सकाळपर्यंत पलंगाशी उभा होतो. त्या दिवसापासून मी प्रोब उभा, शिरेच्या लांबीच्या दिशेनं धरतो. लाँग अॅक्सिसमध्ये कातडीपासून टोकापर्यंत अख्खी सुई दिसते. पुढची भिंत आत दबते, मग टचकन सुटते, आणि मागची भिंत अजून लांब आहे हे डोळ्यांसमोर असतं.

भूलवाला_पांढरकवडा
@उभा_प्रोब, लाँग अॅक्सिसचा किरण जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. हात केसभर सरकला की शीर जाऊन धमनी समोर येते, आणि उभ्या छेदात दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. आखूड, जाड मानेवर प्रोब उभा ठेवायला जागाच नसते. दांड्याच्या ठिपक्याला उपाय आहे: ठिपका दिसला की प्रोब थोडा पुढे सरकवा, ठिपका गेला पाहिजे. मग सुई थोडी पुढे ढकला, ठिपका परत आला पाहिजे. असं पावलापावलानं गेलात तर प्रत्येक वेळी दिसतं ते टोकच. चुकतात ते प्रोब एकाच जागी धरून सुई ढकलणारे.

पुसद_स्त्रीरोग
हिंगणघाटच्या सरांनी कुलपाचा विषय काढलाय म्हणून थांबले. पुढं "हा सगळा पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याचा) जाच" असं कोणीतरी म्हणेलच.

फिजिशियन_हिंगणघाट
म्हणतोच मॅडम. मानेची शीर बघायला गर्भलिंगाचा कायदा आड येतो, यापेक्षा मोठा जाच कोणता? माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरचं मशीन फॉर्ममधला एक रकाना कोरा राहिला म्हणून सील झालं. महिनोन्‌महिने कोर्टाच्या तारखा. त्या काळात त्या आयसीयूत लाइन कशी टाकली असेल? बोटांनीच!

पुसद_स्त्रीरोग
सर, एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा तो कागद, गरोदर बाईसाठी असतो. मानेच्या शिरेसाठी तो कोणी मागत नाही. मशीनची नोंदणी हवी, कोण वापरतो ते नाव कळवलेलं हवं, एवढंच. पोर्टेबल मशीन नोंदणी असलेल्या दवाखान्यात, भरती पेशंटसाठी वापरायला २०१२ च्या नियमात सरळ परवानगी आहे. अर्ज करायचा कंटाळा आपला आणि दोष कायद्याला.

हा कायदा देशात १९९४ मध्ये आला. त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा केला होता, देशात पहिला. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. माझ्यासमोर खुर्चीत बसून "मॅडम, फक्त एवढं सांगा" म्हणणारी सासू मी आजही बघते. तिला उत्तर देताना तो सीलचा धाकच माझ्या पाठीशी असतो. तो काढून घेऊ नका.

मेळघाट_एमओ
मॅडम, मनापासून मान्य. पण कागदावर सरळ आणि टेबलावर सरळ यात फरक आहे. नाव चढवायचा अर्ज आम्ही दिला. "भूलतज्ज्ञाला सोनोग्राफी कशाला?" असं विचारून परत आला. परत दिला. तोवर त्या डॉक्टरची बदली. नवीन डॉक्टर, नवीन अर्ज.

पुसद_स्त्रीरोग
हे मात्र खरं आहे, आणि चुकीचं आहे. भूल आणि आयसीयूवाल्यांसाठी वेगळी, सोपी वाट हवी. इतकं मी मानते. त्याच्या पुढे नाही.

फिजिशियन_हिंगणघाट
इतकं मानलंत तेही पुष्कळ.

आयसीयू_सिस्टर
आडवा-उभा, कायदा, सगळं वाचलं. लाइन टाकल्यानंतर ती सांभाळते कोण, हे कोणीच बोलून नाही राहिलं. तुम्ही टाके घालून जाता. पुढं सात-आठ दिवस ती लाइन आमच्या हातात. आयजे जमली नाही की "फेमोरल टाकू" म्हणून जांघेत टाकता, पेशंटला जुलाब, ड्रेसिंग दर चार तासांनी ओलं. मग ताप आला की सिस्टरनं काळजी घेतली नाही!

आणि प्रोबवर निर्जंतुक कव्हर? अर्ध्या वेळा नुसत्या हातमोज्यात गुंडाळता. निदान मोजा निर्जंतुक घ्या, जेल त्याच्या आत, बाहेर निर्जंतुक सलाइन. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) लावलं की वाळू द्या. पुसून काढता तुम्ही, मी डोळ्यानं पाहिलंय. आणि रोज सकाळी राउंडला एक प्रश्न विचारा, ही लाइन आज लागते का? विचारत नाही कोणी.

मेळघाट_एमओ
सिस्टर, शेवटचा प्रश्न लाइन टाकायच्या आधीच विचारायला हवा. अॅट्रोपिनला (कीटकनाशकाच्या विषावरचं औषध) सेंट्रल लाइन लागत नाही. नॉरअॅड (रक्तदाब वाढवणारं औषध) कोपराच्या चांगल्या शिरेतून, जाड कॅन्युलानं, हातावर नजर ठेवून काही तास चालतं. तेवढ्यात १०८ नं अमरावती गाठता येते. आमच्याकडे कितीतरी लाइना "पाठवताना लाइन असलेली बरी" म्हणून पडतात.

उभा_प्रोब
आणि त्या आमच्याकडे येतात तेव्हा कधीकधी कॅरोटिडमध्ये असतात. राग येऊ द्या, पण हे बोलायलाच हवं. डायलेटर (तारेवरून वाट रुंद करणारी जाड नळी) घालायच्या आधी तार शिरेत आहे हे प्रोबनं बघा. आडवं बघा, उभं बघा, हृदयाकडे जाईपर्यंत बघा. सुई चुकली तर दाबून निभावतं, डायलेटर धमनीत गेला तर सर्जन लागतो. रक्ताच्या रंगावर विसंबू नका. शॉकमध्ये, ऑक्सिजन कमी असताना धमनीचं रक्तही काळपट येतं.

फिजिशियन_हिंगणघाट
म्हणजे तालुक्याचे डॉक्टर माणसं मारतात, असंच ना? तुमच्या हाताखाली चार रेसिडेंट, दारात ब्लड बँक. इथं मी, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मामा. तुम्ही एक रात्र इथं काढून दाखवा, मग बोला.

उभा_प्रोब
सर, मी उमरखेडच्या रात्री बघूनच मोठा झालो. तुमचा अपमान करायचा नव्हता. पण तार बघा, हे मागे घेत नाही.

बोंडअळी
मी डॉक्टर नाही, शेतकरी हाय. तुमचं अर्धं समजलं नाही. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. माह्या बाबालेबी त्याच वर्षी भोवलं. एका दवाखान्यात मानेत सुई टाकली तं अंड्याएवढी गाठ आली. डॉक्टर म्हणे, होते असं. बाबा वाचले, पण पंधरा दिवस मान वाकडी. तवा तिथं मशीन होती का नव्हती, मले माहीत नाही. कोणी सांगितलंच नाही की असंबी होऊ शकते म्हणून. कागदावर सही घेतली, कशाची ते नाही सांगितलं. आडवं धरा नाहीतर उभं, पण आधी सांगा ना बाप्पा.

भूलवाला_पांढरकवडा
दादा, बाबा आता बरे आहेत ना? तुम्ही म्हणता ते चुकतं आमचं. घाईत सही होते, बोलणं राहून जातं.

बोंडअळी
बरे हायेत. शेतात जातात. फवारणी मी करतो आता, तोंडाले बांधून.

फिजिशियन_हिंगणघाट
भाऊंचं वाचून दोन तास काही लिहिलं नाही.

लँडमार्क शिकवणं बंद करू नका, हे माझं म्हणणं कायम आहे. मशीन बंद पडतंच. पण तारेचा मुद्दा मानतो. माझ्या पंचवीस वर्षांत किती तारा चुकीच्या नळीत होत्या आणि नशिबानं निभावलं, ते मी कधी पाहिलंच नाही, कारण पाहायला काही नव्हतं. भूलवाले, तुमची ती ठिपका घालवायची आणि परत आणायची रीत लिहून कळली नाही. प्रोब घेऊन या एखाद्या रविवारी.

भूलवाला_पांढरकवडा
सर, प्रोब आणता येणार नाही. मशीन आमच्या पत्त्यावर नोंदलेलं आहे, मॅडम वाचताहेत. तुम्हीच या, सरळ ४४ नंबरचा हायवे. कोंबडीच्या छातीच्या मांसात लाल पाणी भरलेला लांबट फुगा घालून ठेवतो. खाली दुसरा, कॅरोटिड म्हणून.

आयसीयू_सिस्टर
मोजे निर्जंतुक घ्या. सवय तिथूनच लागते.

फिजिशियन_हिंगणघाट
येत्या रविवारी ओपीडी आहे. पुढच्या रविवारी येतो. उभा_प्रोब, तुम्हीही या, उभं धरून दाखवा.