मदत हवी आहे: चेकबॉक्सच्या खुणा प्रिंटमध्ये गायब होतात
मंडळी, जेक्वेरी ३ (जावास्क्रिप्टची लायब्ररी) वापरतोय. 'सगळे निवडा' बटणासाठी आधी अ‍ॅट्र (एचटीएमएलमध्ये लिहिलेलं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे सुरुवातीची स्थिती, बदलणारं फंक्शन) वापरलं होतं. पण एखादी खूण हाताने काढली की तो चेकबॉक्स पुढे बटणाला दाद देईना. प्रॉप (प्रॉपर्टी, म्हणजे चेकबॉक्सची सध्याची स्थिती, बदलणारं फंक्शन) लावल्यावर ते सुटलं. (जेक्वेरी १.६ पासून या दोघांची कामं वेगळी केलीत म्हणे, बरंच झालं.)

आता नवी भानगड. छापण्यासाठी चेकबॉक्सच्या टेबलचं इनर-एचटीएमएल (आतला एचटीएमएल मजकूर) दुसऱ्या विंडोत टाकतो, तिथे खुणाच नाहीत! प्रॉपर्टी बदलली तरी चेक्ड हे अ‍ॅट्रिब्यूट जुनंच राहतं, म्हणूनच ना? छापण्याआधी डीफॉल्ट-चेक्ड (हेच अ‍ॅट्रिब्यूट बदलणारी प्रॉपर्टी) बदलता येईल, पण मग फॉर्म रीसेट केल्यावर मूळ निवड परत येणार नाही. टेबलचा क्लोन (प्रत) करून फक्त त्यातलं अ‍ॅट्रिब्यूट बदलावं का? यादी बरीच मोठी आहे, पान अडकेल का? कुणी केलंय का असं?