मदत हवी आहे: गिटार हिरोची जुनी गिटार पुण्यात कोण दुरुस्त करतं?

नमस्कार मंडळी,

माळ्यावरून प्लेस्टेशन २ आणि गिटार हिरो या व्हिडिओ गेमची (पडद्यावरच्या खुणांप्रमाणे बटणं दाबून गाणं वाजवायचं) वायरवाली प्लॅस्टिकची गिटार काढलीये. कन्सोल झकास चालतोय. गिटारचं हिरवं बटण मात्र जोर लावल्याशिवाय लागत नाही, आणि स्ट्रमची पट्टी (तारा छेडल्यासारखी वर-खाली मारायची) खाली मारली की लागते, वर मारली की नाही. भाची तबला शिकते, लय पक्की आहे तिची. तिला हा खेळ खेळायला मिळावा अशी फार इच्छा आहे.

तपकीर गल्लीत विचारलं, "पार्ट मिळत नाही" म्हणाले. जुन्या बाजारात अशी गिटार कुणाला दिसलीये का?

नवी घ्यावी तर हा खेळ केव्हाच बंद झाला. २००५ साली हार्मोनिक्स आणि रेडऑक्टेन या कंपन्यांनी गिटार हिरो आणला, २००७ मध्ये रॉक बँड या तशाच खेळाबरोबर ड्रम आणि माइकही आले. मग २००९ या एकाच वर्षात गिटार हिरो ५, बँड हिरो, डीजे हिरो आणि बीटल्सचा रॉक बँड! महागडी वाद्यं, त्यात अमेरिकेत मंदी. २०११ च्या फेब्रुवारीत तो विकणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीने गिटार हिरोचा गाशा गुंडाळला. लोकांना कंटाळा आला असं म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. खेळ उत्तम होता, कंपन्यांनी तो ओरबाडला. २०१५ मध्ये रॉक बँड ४ आणि गिटार हिरो लाइव्ह आले, तरी ती लाट काही परत आली नाही.

दुसरी अडचण टीव्हीची. नव्या एलईडीवर चित्र आवाजाच्या मागे पडतं, बरोबर मारलेला सूरही चुकीचा धरला जातो. यावर उपाय आहे का? आणि हीच गिटार लॅपटॉपला लावून क्लोन हिरो (गिटार हिरोसारखाच कॉम्प्युटरवरचा खेळ) खेळता येईल का?

प्रतिसाद:
हिरव्या बटणाचं आधी घरीच बघा. वायर काढून ठेवा, मागचे स्क्रू खोला, बटणाखालचं रबर आणि पट्टीवरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसा, पूर्ण वाळू द्या. स्ट्रमचा आतला छोटा स्विच गेला असेल, तर कन्सोलवाल्यापेक्षा सोल्डरिंग करणारा गाठा आणि स्विच काढून नमुना म्हणून न्या.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा, चित्राचा उशीर कमी होतो. जुना डबा टीव्ही असेल तर सर्वात उत्तम. क्लोन हिरो फुकट आहे, त्यात उशीर जुळवायची सोयही आहे. प्लेस्टेशन २ ते यूएसबी अडॅप्टर लागेल. स्विच बदलून झाल्यावरच तो घ्या, आणि स्ट्रम वर-खाली दोन्हीकडे लागतो का ते दुकानातच लॅपटॉपला लावून बघा.