.३०३ चं रिकामं मॅगझिन
दादा, अपशिंग्याच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत .३०३ रायफलीचं मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) निघालं, ते ठेवावं का असं तुम्ही विचारलंय, त्यावर 'नुसती पत्र्याची डबी, बिनधास्त ठेवा' असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. तो मानू नका. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भागही येतात. कलम ४५ किरकोळ भागांना सूट देतं, पण ते जुळणाऱ्या भागांसोबत वापरायचा इरादा नसेल तरच. आता मॅगझिन किरकोळ धरायचं का, हे घरबसल्या ठरवू नये. ट्रंक नीट तपासा, एक जिवंत काडतूस निघालं तरी परवान्याशिवाय ठेवता येत नाही. आधी साताऱ्यातल्या चांगल्या फौजदारी वकिलाला फोटो दाखवा, मग पोलिसांना लेखी कळवा. तोवर विकू नका, भंगारात तर मुळीच नको. फौजी माणसाची वस्तू आहे, हक्कानं आणि कागदानिशी घरात राहावी असं मला मनापासून वाटतं.