फिलिप हंबरचा परफेक्ट गेम: कर्तृत्व की मटका?

बाकावरचा (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "हंबरसारख्यांना परफेक्ट गेम लागतो, त्यात त्यांचं काय?" तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) समोरच्या संघाचे सलग २७ बॅटर बाद करायचे, एकालाही पहिल्या बेसवर पोचू द्यायचं नाही. हिट नाही, वॉक (चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले की बॅटरला मिळणारा फुकटचा पहिला बेस) नाही, आपल्याच फील्डरच्या चुकीने कुणी पोचला तरी संपलं. १८८० मध्ये पहिला झाला. तेव्हापासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये दोन लाखांहून जास्त सामने झाले आणि परफेक्ट गेम फक्त २४. रॉजर क्लेमेन्सने ३५४ सामने जिंकले, त्याला जमला नाही. नोलन रायनने सात नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकले, त्यालाही नाही.

जमला तो फिलिप हंबरला, २१ एप्रिल २०१२ रोजी, सिअ‍ॅटलमध्ये. न्यूयॉर्क मेट्सने घेतलेला, मग कोपराचं ऑपरेशन, मग पिचर योहान सांतानाच्या बदल्यातल्या सौद्यात मिनेसोटाला रवानगी, पुढे कॅन्सस सिटी, ओकलंड, आणि ओकलंडने सोडल्यावर शिकागो व्हाइट सॉक्सने उचललेला. सामन्याची सुरुवात करायची त्याची ही तिसावीच वेळ. त्याआधी मेजर लीगमध्ये एकही सामना त्याने शेवटपर्यंत टाकला नव्हता.

९६ चेंडू, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), निकाल ४-०. नववी इनिंग बघा फक्त. पहिल्याच बॅटरला, सॉन्डर्सला, तीन बॉल (पट्ट्याबाहेरचे चेंडू) आणि शून्य स्ट्राइक. अजून एक बाहेर गेला की खेळ खलास. तिथून त्याने सॉन्डर्सला स्ट्राइकआउट केलं. याला मटका म्हणणाऱ्यांनी जरा समजावून सांगावं.

आकडेबहाद्दर

समजावतो. ९ स्ट्राइकआउट म्हणजे उरलेले १८ जण फील्डरांनी बाद केले. बॅटला लागलेला चेंडू कुणाच्या हातात जाईल, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो.

आता पुढचं. पाचच दिवसांनी बोस्टनने त्याच्या पाच इनिंगमध्ये ९ धावा चोपल्या. त्या मोसमात दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी ६.४४ धावा दिल्या. २०१३ मध्ये ह्यूस्टनकडून ० विजय, ८ पराभव, आणि मेजर लीग संपली. अख्ख्या कारकिर्दीत १६ विजय. परफेक्ट गेम टाकणाऱ्यांत इतके कमी कुणाचेच नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

बाकावरचा

सलग सत्तावीस वेळा तुटली हो फांदी!

बेलव्ह्यूकर

आमच्या गावची फांदी तेव्हा कुजलेलीच होती, हेही लिहा. हंबरसमोरचा संघ, २०१२ चे सिअ‍ॅटल मरिनर्स, म्हणजे अमेरिकन लीगमधली सगळ्यात कमी बॅटिंग सरासरी, .२३४. त्यांच्या सेफको फील्ड मैदानावर चेंडू बाहेर जाता जात नसे. शेवटी २०१३ च्या मोसमाआधी कुंपणं आत घ्यावी लागली. त्याच मैदानावर ऑगस्टमध्ये आमच्या फेलिक्स हर्नान्देझनेही परफेक्ट गेम टाकला. मध्ये जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मॅट केनचा झाला. एकाच मोसमात तीन! हंबरचा खोटा होता असं नाही म्हणत, पण हवापाणीही मोजा की.

सिली_पॉइंट

शेवटच्या विकेटबद्दल, सॉरी, आउटबद्दल कुणी बोलतच नाहीये. ब्रेंडन रायन, तीन बॉल, दोन स्ट्राइक. बाहेर जाणारा स्लायडर (वळणारा चेंडू). रायनने बॅट अर्धी फिरवून आवरली की पूर्ण फिरवली? अंपायर म्हणाला फिरवली, म्हणजे तिसरा स्ट्राइक. पण चेंडू कॅचरच्या मागे गेला, आणि तसं झालं की बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. रायन पळायचं सोडून अंपायरशी हुज्जत घालत बसला, तोवर कॅचर पिअरझिन्स्कीने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला. स्विंग नसता दिला तर वॉक, आणि परफेक्ट गेमवर पाणी.

दोनच वर्षं आधी, जून २०१० मध्ये, डेट्रॉइटच्या अर्मांडो गलारागाचं उलटं झालं होतं. सव्विसावा आउट झाला, सत्ताविसावा स्पष्ट आउट होता आणि अंपायर जिम जॉइसने सेफ (नाबाद) दिला. नंतर रिप्ले बघून जॉइस स्वतः चुकलो म्हणाला, पण निकाल बदलला नाही. म्हणजे यादीत कोण बसणार, हे काही वेळा अंपायरची मानच ठरवते.

बाकावरचा

रायनला टाकलेला स्लायडर काढलात ते बरं केलंत. तो चेंडू हंबरला आधी येत नव्हता. व्हाइट सॉक्समध्ये आल्यावर पिचिंग कोच डॉन कूपरने शिकवला, आणि २०११ मध्ये त्याची दर नऊ इनिंगमागच्या धावांची सरासरी ३.७५ वर आली. तीन-दोनच्या काउंटवर, सत्ताविसाव्या बॅटरला, बाहेर जाणारा स्लायडर टाकायचा म्हणजे छातीच हवी. मधोमध फास्टबॉल टाकून मोकळं होणारे पुष्कळ असतात.

आकडेबहाद्दर

छाती मान्य. पण "दुर्लक्षित, गरीब बिचारा" हे चित्र तरी बदला. २००३ मध्ये राइस विद्यापीठाने कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा अंतिम सामना याच हंबरने पूर्ण टाकला होता. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीग संघांची नव्या खेळाडूंची निवड) तिसऱ्या क्रमांकावर उचलला गेला. दुर्लक्षित म्हणायचं तर डॅलस ब्रेडनला म्हणा, चोविसाव्या फेरीत घेतलेला. त्यानेही २०१० मध्ये परफेक्ट गेम टाकलाच.

सिली_पॉइंट

मला तर एजाझ पटेल आठवतो. डिसेंबर २०२१, वानखेडे, डावात दहाच्या दहा, ११९ धावांत. मुंबईत जन्मलेला पोरगा मुंबईत विक्रम करतो आणि लगेच पुढच्या मायदेशातल्या कसोट्यांसाठी न्यूझीलंडच्या संघातून बाहेर! तिथेही "खेळपट्टीने दिल्या विकेट" म्हणणारे निघाले होते.

आकडेबहाद्दर

उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत. एजाझ २०२४ मध्ये त्याच वानखेडेवर परत आला, सामन्यात ११ बळी घेतले, आणि भारत मायदेशात ०-३ हरला. याला म्हणतात पुरावा. हंबरचं असं दुसरं काही दाखवा.

बाकावरचा

खेळपट्टीही तीच होती, हे सोयीस्कर विसरलात. शिवाय जून २०१२ मध्ये हंबरचं कोपर पुन्हा दुखावलं. आणि दर सामन्यात त्या दिवसासारखंच टाकायचं, हे ओझं आपण डोक्यावर घेतलं, असं तो पुढे मुलाखतीत बोललाय.

आकडेबहाद्दर

कोपर जूनमध्ये दुखावलं. बोस्टनने धुतलं ते एप्रिलमध्ये.

बाकावरचा

आणि परफेक्ट गेमही एप्रिलमध्येच टाकला. बोस्टनचे ९ रन सिअ‍ॅटलच्या स्कोअरकार्डात कुठे बसवताय?